सातावरची आडवी रेघ

ओरिवेसीच्या रानात पहिली तीन बास्केटं सोपी, उघड्यावर.
चौथ्यापासून झाडं हिशेब मागतात.
पाइनमधून हातभर वाट, मग उतार, मग खडक,
आणि चुकलेल्या प्रत्येक फेकीला
ठक् म्हणून उत्तर देणारे बर्च.

तैस्तो चाळीस वर्षं कागद गिरणीत होता.
लाकडं त्याच्यावर सूड घेतात, असं इल्पो म्हणतो.

नवव्याला इल्पोचीच तबकडी ब्लूबेरीच्या झुडपात गेली.
जांभळ्या बोटांनी शेवाळ चाचपताना
हाती आली दुसरीच:
पिवळी, कड झिजलेली,
मागे मार्करने लिहिलेला नंबर.
सापडली की फोन करायचा, हा इथला रिवाज.
त्याने केला.
वाजला तैस्तोच्या खिशात.

तैस्तोने ती उलटसुलट पाहिली.
सातावर आडवी रेघ.
तो तसा सात काढत नाही.
राउहा काढायची.

डास गुणगुणत राहिले.
मागून आलेली पोरं जरा लांबच थांबली.

मग त्याने पाय रोवले आणि फेकली.
दोन खोडांमधून नेमकी गेली,
आता साखळ्या वाजणार,
तेवढ्यात डावीकडे वळली.
ठक्.

"पहिल्यापासून हिचं असंच,"
तो म्हणाला,
आणि झुडपात शिरला,
काही घाई नसल्यासारखा.