टक्स

बाल्टिमोरच्या दवाखान्यात
नर्सने खोक्यातून काढला सिलिकॉनचा गोळा.
'अंगाच्याच रंगाचा आहे.'
कुणाच्या अंगाच्या? व्हर्डेलने विचारलं,
आणि शेजारी ठेवला आपला काकवीच्या रंगाचा हात.
नर्स बराच वेळ कॅटलॉग चाळत राहिली.

घरी येऊन तिने चर्चचे झगे काढले, नऊ.
दोन्ही बाजूंचे टक्स उसवले.
पिवळ्याचे टाके आईच्या हातचे,
निघता निघेनात.
इस्त्री फिरवली तरी भोकं राहिलीच,
मुंग्यांची रांग जशी.

दोन व्रण उठून आलेत, सुंभाएवढे जाड.
बर्फ पडायच्या आदल्या रात्री खाजतात.
बहीण म्हणते, विमा देईल पैसे,
पोटाची कातडी काढून वर लावतात हल्ली.
पोटाला विचारलंस?

रविवारी पिवळ्या झग्यात ती दारात उभी,
लोकांना पुठ्ठ्याचे पंखे वाटत.
नावाचा बिल्ला पूर्वी छताकडे बघायचा.
आता सपाट बसतो,
रस्त्यापलीकडूनही वाचता येतो.
म्हातारा डीकन वाचतो,
वाचून झाल्यावरही वाचतो.
'एवढीच अक्षरं आहेत,' ती म्हणते,
आणि पंखा देते त्याच्या हातात.