त्रेसष्टावा

शनिवारभर मी आणि तामाती
कुंपणाच्या खांबांना गुलाबी फिती बांधत हिंडलो.
फीत दिसेल तिकडून जा.
दोन फितींची फुली दिसेल तिथून जाऊ नका,
खाली चाळीस हात खोल ओढा आहे
आणि माझा विमा तिथवर पोचत नाही.

मेंढ्या वरच्या रानात हाकलल्या.
नोएलीन म्हणाली, मोजल्यास?
म्हटलं, हो.
लग्नाला एकतीस वर्षं झाली की
अंदाजालाही मोजणंच म्हणतात.

रविवारी सातला फाटकापाशी दिव्यांची रांग.
गवतावर दव गोठलेलं,
ट्रेलरवरून उतरणाऱ्या गाड्या
निळ्या, केशरी, एक झगझगीत पोपटी,
लग्नाला निघाल्यासारख्या धुऊन पुसून आणलेल्या.
मला हसू आलं.
इथली माती निळसर, ओली झाली की साबण;
हा सगळा दिमाख पहिल्या वळणापर्यंतचा.

शाळेच्या बाईंनी टेबल मांडलं होतं.
मोठ्यांना चाळीस डॉलर, मुलांना वीस,
सही इथे, नंबर छातीवर.
पैसे शाळेच्या पोहण्याच्या तलावाला.
शाळेत पोरं तेवीस, आणि पंप माझ्या वयाचा.

मग डोंगर गुरगुरू लागला.
ज्या उतारावर मी बाराही महिने
एका कुत्र्याशी काय ते बोलतो
तिथे त्रेसष्ट माणसं ओरडत होती,
पडत होती, एकमेकांना पडलेलं पाहून खूश होत होती.
ट्रॅक्टरने मी नऊ जणांना चिखलातून ओढलं.
त्यातल्या एकाला दोनदा, त्याच खड्ड्यातून.
तेरा वर्षांची एक पोर बापाला चढावर मागे टाकून गेली
आणि माथ्यावर थांबून
तो येईपर्यंत हातमोजे काढून घालत राहिली,
काहीच न घडल्यासारखी.

दुपारी पावात सॉसेज, करपलेला कांदा.
कोण कुठला ते आता कपड्यांवरून कळत नव्हतं,
सगळे माझ्याच जमिनीच्या रंगाचे.

पाच वाजता बाईंच्या वहीत बासष्ट खुणा.
रिकाम्या कुरणात एकच पांढरी व्हॅन.
नंबर त्रेसष्ट, लाफाएले, ऑकलंड, बस ड्रायव्हर.
सकाळी म्हणाला होता, आठवडाभर
दर तीनशे मीटरला थांबतो हो मी,
एक दिवस न थांबता जायचंय.

आधी फुलीपाशी गेलो.
फिती जागच्या जागी. ओढ्यात नुसतं पाणी.
तरी बॅटरी फिरवत राहिलो,
एवढ्या काळजीने मी हा ओढा कधीच पाहिला नव्हता.

तामातीच्या कुत्र्याला तो सापडला, वरच्या टेकाडामागे.
गाडी आडवी. तो मांडी घालून बसलेला,
दोन गुडघ्यांत एक गाभण मेंढी उभी धरून,
तिच्या पाठीवर त्याचं जाकीट.

पाय वर करून पडली होती, तो म्हणाला,
सरळ केली की कलंडायची. तीनदा केली.
मग म्हटलं, बसूच.
किती वेळ?
दोन वाजल्यापासून.

लोकर भिजून जड झाली की उलटतात अशा,
सकाळपर्यंत मरतात,
हे मला माहीत. त्याला माहीत नव्हतं.
नाव काय हिचं, त्याने विचारलं.
मी कानातल्या बिल्ल्यावर बॅटरी धरली: चारशे अठरा.
चारशे अठरा, तो तिला म्हणाला, चल.

ती चार पावलं गेली, थांबली,
लांबलचक मुतली,
आणि मागे न बघता अंधारात शिरली.
लाफाएलेला उठताच येईना. पाय मेले होते.
दोघांनी धरून त्याला उभा केला,
कलंडेल म्हणून जरा वेळ तसाच धरून ठेवला.

सोमवारी फिती सोडवायला गेलो
तेव्हा मेंढ्या मोजल्या. खऱ्याखुऱ्या, बोटांनी.
दोनशे अकरा.
रात्री जेवताना आकडा सांगितला.
नोएलीनने बटाटे पुढे केले,
आधीचा आकडा काय होता ते विचारलं नाही.