चाळलेला चिखल

बांबोळीच्या पठारावर, चिऱ्यांच्या भिंतीआड
टेबलावर तिघी निजलेल्या.
नावांवर काळी पट्टी. पट्टीवर खडूनं
क, ख, ग.
यांतली एक पुढची तीस वर्षं
पोरांच्या खांद्याला लटकणार.

मी नायक ओमाण्णा गुरव, शस्त्रागाराचा मिस्त्री.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या नळ्या डोळ्याला लावून
पलीकडचा उजेड तपासला.
या खेपेला हातात वही.
रकाने मीच आखले :
झाडल्या किती. अडकली किती. कशामुळे.
शेवटचा रकाना अरुंद झाला,
फूटपट्टी सरकली.

सोमवारी वाळू.
मंगळवारी सिमेंटवर पाडणे,
आधी दस्त्यावर, मग तोंडावर.
बुधवारी दर्याचं पाणी :
निळ्या पिंपात रात्रभर उभ्या बुडवल्या,
सकाळी क-च्या खटक्यावर गंज,
पिकल्या काजूबोंडाच्या रंगाचा.

डावखुरा शिपाई एकच, अल्बिनुस तिर्की.
ख-ची रिकामी पुंगळी दर गोळीला
त्याच्या गालावर येऊन चटका देई.
तो काही बोलला नाही.
डाव्या गालासाठी मी रकाना आखला नव्हता.

गुरुवारी चिखल.
शिरदोणच्या खाजनातून, मानशीच्या तोंडापासून
रुझारनं पाच बादल्या भरून आणल्या.
करडा, जड, अंड्यासारखा वास,
एका बादलीत नखाएवढी कुर्ली जिवंत.
तिघींना त्यात लोळवलं,
वर काढलं, दोनदा झटकलं, बस्स.

ग तिसऱ्या गोळीला थांबली.
क सातवीला.
ख अकरावीला, आणि मग
तिर्कीनं बुटाची टाच मारली तरी खटका मागे येईना.
मी लिहिलं : चिखल. चिखल. चिखल.
अरुंद रकान्यात बरोबर मावला शब्द.

सावलीत खुर्च्यांवर इस्त्रीचे शर्ट बसले होते,
पट्टीखालच्या नावांचे लोक,
एरवी एकमेकांकडे न बघणारे.
आता तिघे एकत्र उठले.
साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं.
पान चौदा. होतं खरं तसं :
चिखल चाळलेला असावा.

लंगरातून पिठाची चाळणी आली.
रुझार उकिडवा बसला, चाळता चाळता हसला :
"हो चिखोल चाळून कित्याक, बाब?
दुस्मान चाळणी घेवन येतलो?"
मी वहीत बघत राहिलो.
शर्टांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

एक बंदूक परत आली होती माझ्याकडे,
नंबरचे शेवटचे आकडे चार, सात.
चेंबरात अर्धी शिरलेली गोळी
आणि बोटभर माती, मुळासकट.
तिचा माणूस तिच्यासोबत आला नव्हता.
दोन दिवस दाभणानं टोकरत होतो.
माती कागदात बांधून ठेवली,
कुठं ठेवली, ते आता आठवत नाही.
बदल्या फार झाल्या.

दुपारनंतर दुसरी फेरी.
चाळलेला चिखल ताकासारखा,
बोट बुडवलं तर बोटावर थांबेना.
तिघींनी साठ साठ गोळ्या सुरळीत झाडल्या.
शर्ट परत खुर्च्यांवर बसले,
परत एकमेकांचे अनोळखी.
पुंगळ्या वेचून मोजल्या, एकशे ऐंशी.
तिर्कीच्या गालावर तीन फोड.

साहेब हळू म्हणाले, गुरव, सकाळचं खोड.
शांत माणूस. त्यांनी स्वतःही कधीतरी
ओल्या खड्ड्यात रात्र काढलेली असणार.
मी पेन घेतलं,
तिन्ही शब्दांवरून एकेक रेघ ओढली,
बारीक, सरळ, शेजारी सही.
फौजेच्या वहीचा नियम आहे :
खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

रुझारनं बादल्यांचे पैसे मोजून घेतले.
कुर्लीला ओंजळीत धरून
उतारावरून खाली गेला, भरती चुकायच्या आत.

चाळणी कुणीतरी नुसती विसळून
परत लंगरात टांगली.
रात्री चपात्यांना खाजनाचा वास होता.
तिर्कीनं पाच खाल्ल्या,
उजव्या बाजूनं चावत.