सरळ रेघ

चौथं गाव. शनिवार. छत्री हातात, अजून न उघडलेली.
स्टेशनात उतरल्याबरोबर मी मोबाईलवर वेळ लावते
आणि सुधन्वा जुईचं बोट धरून पुढे निघतो,
तिच्या चालीनं. मोजायचे ते तिचेच पाय.

पहिल्या गावात शाळा उत्तम होती.
मुख्याध्यापिकेनं मुलांनी लावलेली बीटंसुद्धा दाखवली.
पण परतताना फुटपाथ एका चौकापाशी येऊन
पुढचं विसरल्यासारखा थांबला.
आम्ही तिघं गवतात उभे, बाजूनं गाड्या,
एकानं काच खाली करून विचारलं,
"गाडी बंद पडली का तुमची?"

दुसऱ्यात सगळं चार पावलांवर. खाटीक, वाचनालय, दाताचा डॉक्टर.
शाळेचं विचारलं तर दुकानातली बाई म्हणाली,
"मुलं चांगली आहेत हो,"
आणि 'मुलं'वर असा काही जोर दिला
की आम्ही नुसतं दूध घेऊन निघालो.

तिसरं परवडणारं नव्हतं. त्याला एवढी एक ओळ पुरे.

हे अ‍ॅल्डरफोर्ड. इथं शाळेत जागा मिळते ती अंतरावर.
घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत
नकाशावर सरळ रेघ ओढतात.
रेघ ओढ्यावरून जाते, चर्चच्या भिंतीतून जाते,
कुणाच्या न्हाणीतूनही जात असेल, तिला काय.
मागच्या वर्षी आत गेलेलं शेवटचं मूल
सहाशे चाळीस मीटरवरचं.
एजंट फिओना एकाच रस्त्यावरची दोन घरं दाखवते,
एक सहाशे एकतीसवर, एक सहाशे सत्तावन्नवर.
तेच स्वयंपाकघर, कोपऱ्यात तीच ओल,
आणि मधल्या सव्वीस मीटरांचे
अठ्ठावीस हजार पौंड.
"जमीन नाही, जरीचा काठ विकतायत,"
सुधन्वा मराठीत पुटपुटतो. फिओना हसते, काही न कळता.
"तुम्हाला चालायला आवडतं वाटतं?"
"हो, खूप," मी म्हणते. दर गावात म्हणते.

माझ्या वहीत रकाने आहेत. शाळेचा अहवाल, हप्ता,
दवाखाना, चढ, संध्याकाळी दिवे किती.
एक रकाना नाही.
गेल्या मार्चमध्ये कुकरची दुसरी शिट्टी होत असताना
सुधन्वा फरशीवर पडला, आणि तीन मिनिटं
घरात असून घरात नव्हता.
महिन्याभरानं त्याचं लायसन्स
आम्ही पाकिटात घालून परत पाठवलं,
चुकून आपल्या पत्त्यावर आलेलं काही पाठवावं तसं.
मला गाडी शिकायची आहे. मला रात्रपाळीही आहे.
म्हणून हे चालणं.

शाळा आज बंद. फाटकाच्या टोकावर कुणीतरी
हरवलेला लहान मोजा अडकवलाय, हाताचा, लाल.
जुई त्याच्याशी शेकहँड करते.
मी वेळ बघते. घर ते फाटक, नऊ मिनिटं,
त्यातलं दीड मिनिट मांजरीचं.

"सत्तावीस," सुधन्वा म्हणतो.
"काय सत्तावीस?"
"दारं. वाटेवर, आपल्या बाजूची.
त्यातली अकरा अशी की कडीला हिचा हात पुरेल."
तो माझ्याकडे बघत नाही, चष्मा पुसतो.
तिन्ही गावांत तो मागे-पुढे का रेंगाळत होता
ते मला आत्ता कळतं, आणि वही
पिशवीतून काढावीशी वाटत नाही.

तेवढ्यात टक् टक् टक्.
हिरवं दार. पितळी मासा.
जुई टाचा उंचावून उभी.
आम्ही धावतो, पण आतून पावलं आलेली असतात,
दार उघडतं: स्वेटरवर पीठ, कानावर पेन्सिल,
एक म्हातारा, मग त्याच्या गुडघ्यामागून कुत्रा.
"बोला?" तो तिलाच विचारतो, आम्हाला नाही.

"काही नाही," जुई म्हणते,
"उघडता का ते बघत होते."