मोहरीचं तेल

आमच्या गावाचं नावच लष्कर.
कंपू, जिन्सी, छावणी:
भाजी आणायला निघालं तरी
वाटेत तोफखाना ओलांडावा लागतो.
तंबू उठून दोनशे वर्षं झाली,
नावं तेवढी अजून तैनात आहेत.

कंपूतल्या शाळेच्या ओसरीवर
दर शनिवारी आमचं टेबल लागतं.
टेबल म्हणजे जोडलेली दोन बाकं,
वर मंडळाच्या हळदीकुंकवाची चादर.
फाळके वहिनी चहाचा थर्मास आणतात,
घोरपड्यांचा नातू लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र,
मी आणते चष्मा
आणि एकतीस वर्षांची खोड.
महालेखाकार कार्यालयात मी फायली परत पाठवायची.
'नावात तफावत. सबब परत.'
तांबडी शाई, वळणदार अक्षर.
त्या अक्षराला एकदा बक्षीसही मिळालं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही कांबळी वाटली.
फोटोवाला बोलावला, बॅनर लावला,
'सन्मान'मधला अर्धा न छापखान्यातच राहिला होता.
शिवचरण भदौरिया, हवालदार, तोपखाना,
भिंडकडचे, उजव्या कानाने ठार बहिरे,
त्यांनी कांबळं घेतलं,
कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ जुळवून घडी घातली
आणि टेबलावर परत ठेवलं.
"ठंड का इंतज़ाम है, बहनजी. पिंशन रुकी है."
ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्यांदा बोलतात.
फोटोत आमची सगळ्यांची तोंडं उघडी आली आहेत.

तेव्हापासून कांबळी बंद.
आता आम्ही अर्ज भरतो.

रामकटोरीबाई मुरारहून टेंपोने येतात.
नवऱ्याच्या कागदांत त्या रामकली आहेत.
भरतीच्या कारकुनाला कटोरी लिहायचा कंटाळा आला असेल,
मी म्हटलं.
त्यांनी पदर पुढे ओढला.
"कली वो कहते थे. अकेले में."
मी पेन खाली ठेवलं.
एकांतातलं नाव सरकारी रकान्यात जाऊन बसलं
आणि पाळण्यातलं नाव
चार वर्षं खिडकीबाहेर उभं.
जिला मी जन्मभर तफावत म्हणत आले
ती अशीही असते,
हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.
शपथपत्र लिहिलं. निळ्या शाईने.

नोव्हेंबरात हयातीचे दाखले.
माणसाने यायचं, खुर्चीत टेकायचं, खोकायचं, पाणी मागायचं,
आणि मग यंत्राला विचारायचं, आपण आहोत का.
भदौरियांचा अंगठा यंत्राला पटेना.
तोफेचं लोखंड, मग बर्फ, मग बावीस वर्षं फावडं,
रेषा होत्या तेवढ्या खर्चून आले होते.
सात वेळा तांबडा दिवा.
मी त्यांच्या चांगल्या कानात ओरडले:
रात्री मोहरीचं तेल लावून झोपा, आठवडाभर!
पुढच्या शनिवारी हिरवा लागला.
ते खुर्चीतून उठले
आणि यंत्रासमोर ताठ उभे राहिले.

आता दर शनिवारी येतात,
कुणी सांगितलेलं नाही.
दाराशी स्टूल टाकून रांग लावतात.
सुभेदारसुद्धा त्यांच्या रांगेत मुकाट उभे असतात.

यंदा गर्दी ओसरल्यावर घोरपड्यांच्या नातवाला म्हटलं,
बाळा, माझंही उरकून टाक.
अंगठा ठेवला. तांबडा.
पुसून ठेवला. तांबडा.
एकतीस वर्षं पानं उलटली होती
थुंकी लावून, याच अंगठ्याने.
वहिनी हसल्या, मीही हसले,
पण पोटात काहीतरी सरकलं.
तेवढ्यात दारातून आवाज,
अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा:
"ज़िंदा हैं! लिख लो, मैं देख रहा हूँ!"
आणि कोटाच्या खिशातून निघाली
खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली,
चिंधीचं बूच,
तळाशी बोटभर पिवळं तेल.