गुण्यात

तीन खोल्या गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये बनत होत्या
आणि आम्ही चौघं मेव्हण्याच्या हॉलमध्ये, पडद्याआड.
दर रविवारी बघायला जायचो,
स्थळ बघावं तसं, इस्त्रीचे कपडे घालून.
शैला भिंतीवर टिचकी मारायची.
"पोकळ वाजतंय."
इंजिनीअर मगदूमबाई म्हणाल्या, "आत रॉकवूल आहे, ताई.
हे पेटत नाही."
शैलानं हात मागं घेतला.

जुनं पेटलं फ्रिजच्या स्टॅबिलायझरनं.
गुरुवार, दुपार, घरात कुणी नाही.
मी उद्यमनगरात लेथवर,
शाफ्टवर शेवटचा हात फिरत होता,
फोन दोनदा वाजला, दोनदा कट केला.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री राखेत अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सापडलं,
वितळून फरशीवर सांडलेलं, निवलेलं.
उचलून, सवयीनं, मी त्याची जाडी बघितली.

मेव्हणा म्हणाला, "डबं हाईत ती, दाजी.
डब्यात माणूस ऱ्हातंय व्हय?"
पण स्लॅबच्या घराला वर्ष लागणार होतं, डब्यांना दोन महिने,
आणि त्याच्या बायकोनं तिसऱ्या आठवड्यापासून
चपात्या मोजायला घेतल्या होत्या.

मग मगदूमबाई उचगावला आल्या.
काळ्या पडलेल्या जोत्यावर तिपाई मांडली,
लाल रेघ फिरवली, पुन्हा फिरवली,
आणि हळूच, जणू माझीच काही चूक सांगावी तसं,
"काका, जोतं गुण्यात नाही.
मागच्या कोपऱ्यात अकरा सेंटिमीटर फरक येतोय."

अकरा सेंटिमीटर.
माझं पोट मायक्रॉनवर चालतं.
एकोणतीस वर्षं त्या जोत्यावर जेवलो, झोपलो, भांडलो,
आणि कधी गुण्या लावून बघितला नाही.
शैलाचं कपाट भिंतीला टेकायचं नाही,
तर मी कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा घालायचो.
शेवटच्या रांगेतल्या फरश्या पाचरीसारख्या कापलेल्या,
मला वाटायचं, तशीच पद्धत असेल.

आप्पांनी बांधलं होतं ते, रविवार-रविवार करत,
सुतळी, चार खुंट्या, आणि एक डोळा मिटून.
दुसरा डोळा तसाही फौंड्रीच्या भट्टीनं अधू केलेला.
त्या तिरक्या चौकटीत
आम्ही गुण्यागोविंदानंच राहिलो, म्हणायचं.

"मोडून नवं घालूया?" मगदूमबाईंनी विचारलं.
"कारखान्यातली खोली वाकत नाही."
म्हटलं, नको. खोल्या दोन बोटं आखूड करा,
सरळ बसवा. उरेल ते उरू दे.

ट्रेलर रात्री अकराला आला.
गल्लीच्या वळणावर शेवग्याची एक फांदी गेली,
वायरमन वायर बांबूनं उचलून धरत होता,
लोक बनियनवर गच्चीत, कुणीतरी चहाची किटली फिरवतंय.
पहिलं स्वयंपाकघर उचललं क्रेननं.
नळासकट, खिडकीसकट, खिडकीच्या जाळीसकट
ते दोन घरांच्या वर हलत थांबलं.
धाकटी राजवी म्हणाली, "पप्पा, आता आत कोण असतं तर?"
कुणी हसलं नाही.
इलाही ऑपरेटरनं काडी चावत
ते असं टेकवलं की कपबशीसुद्धा वाजली नसती.
पहाटे चारपर्यंत बोल्ट आवळत होते.
शेवटचे दोन मी आवळले. मागून घेतले.

आता सगळं काटकोनात आहे. कपाट टेकतं.
फक्त मागं, भिंतीच्या बाहेर,
जुन्या शहाबादीची एक पट्टी उघडी राहिली,
एका टोकाला काहीच नाही, दुसऱ्या टोकाला अकरा.
म्हटलं, तुळस लावू. शैला म्हणाली, "एवढ्याशात?"
पण घर पुसून झालं की
ती तेच फडकं घेऊन मागच्या दारानं बाहेर जाते
आणि तेवढंही पुसते.
काळं जात नाही.

रुंद टोकाला माझा एक पाय बसतो.
संध्याकाळी कप घेऊन तिथं उभा असतो,
एक पाय जोत्यावर, एक मातीत.
शेजारचे पाटणकर कुंपणावरून विचारतात, "काय बघताय?"
काही नाही म्हणतो.
फोन वाजला तर पहिल्या रिंगला उचलतो,
कर्जवाल्यांचा असला तरी.