नव्वद मिलिलिटर

फ्रीवे दहापर्यंत बंद होता.
शर्यत साडेआठलाच संपली
आणि आम्ही दोघं अजून इथे,
वडाळ्याच्या शाळेत, सातवी 'क'च्या वर्गात,
त्याला लघवी होण्याची वाट बघत.

नियम असा:
चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपराच्या वर,
जर्सी छातीपर्यंत गुंडाळलेली,
आणि मी समोर. नजर हलवायची नाही.
जर्सी गुंडाळली की
बिल्डरचं नाव घडीत जातं,
उरतं ते पोरगं. बरगड्या मोजता येतात.

मितेश भानजी, वय एकोणीस, राहणार मढ.
पहिला आला.
गळ्यातलं पदक बाकाला लागून टकटक वाजतं,
तिसरी सीलबंद बाटली संपवतोय.
पहिल्या खेपेला पस्तीस.
नव्वद लागतात.
"होईल मामा," म्हणतो,
जणू घाई मलाच आहे.

फळ्यावर शुक्रवारचा गृहपाठ. प्रयोग ओळखा.
शिपायाने घंटा वाजवली.
"कर्ता शिपाई ना?" त्यानं उगाच विचारलं, वेळ जावा म्हणून.
म्हटलं, हो.
पण क्रियापद त्याचं ऐकत नाही, घंटेचं ऐकतं.
तो हसला. "म्हणजे आमच्या टीमसारखंच."

फॉर्मवर एक रकाना:
गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
क्रोसिन, लिहिलं त्यानं.
मल्टिव्हिटॅमिनचं स्पेलिंग मला विचारलं.
मग पेन थांबलं.
"बुधवारी टोचतात ते लिहायचं का?
काय असतं माहीत नाही. मी बघतच नाही तिकडे,
मला सुईची भीती वाटते."

कोण टोचतात, मी विचारलं नाही.
विचारायची गरज नव्हती.
दारापाशी देवरुखकर सर उभे आहेत,
कॅप हातात, मोबाइल कानाला,
मघाशी मला ओळख न दाखवता हसले.

परळच्या लॅबमध्ये मी रात्रपाळीला असायचो
तेव्हा हा माणूस थर्मासमधून नळ्या आणायचा.
बर्फ, आणि चिकटपट्टीवर नुसते आकडे. चार. सात. अकरा.
"बाकी काही नको, घट्टपणा तेवढा बघा."
मी यंत्र फिरवायचो,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे टक्के लिहून द्यायचो.
नळीमागे दोनशे रुपये. मुलीची क्लासची फी त्यातूनच गेली.
औषध कुठलं ते मला कळत होतं:
डायलिसिसला बसलेल्या कुणा बाईच्या नावावर निघालेली कुपी,
तिच्या फिकट रक्तासाठी.
एकदा सात नंबर अठ्ठावन्नवर गेला.
मी म्हणालो, सर, हे रक्त नाही, काकवी आहे.
आम्ही दोघंही हसलो.
पुढच्या हंगामात चार आला, अकरा आला.
सात आला नाही.
मी यंत्र पुसून ठेवलं.

"झाली, मामा!"
चौऱ्याण्णव.
ग्लास हातात कोमट लागतो, आजारी पोराच्या कपाळासारखा.
साठ अ बाटलीत, उरलेली ब मध्ये.
झाकण फिरवलं की कटकट वाजतं,
एकदा बसलं की फोडल्याशिवाय निघत नाही.

"सर म्हणालेत, कुणी विचारलं तर
मीच घेतलं म्हणायचं," तो खालच्या आवाजात.
"तसंच लिहू?"

खेळाडूची सही: एक ओळ.
साक्षीदाराची: एक.
टीम, डॉक्टर, बिल्डर, फेडरेशन
यांच्यासाठी ओळ छापलेली नाही,
आणि जुन्या रात्रपाळ्यांसाठी तर नाहीच.

म्हटलं, जेवढं तुला ठाऊक आहे तेवढंच लिही.
सुई. बुधवार. सर.
त्यानं जीभ दातांत धरून लिहिलं.
दाराबाहेर मोबाइलवरचं बोलणं थांबलं होतं.

मग फॉर्म मी माझ्याकडे ओढला.
सगळ्यात खाली शेरा. बावीस फॉर्म भरले या वर्षी,
तिथे प्रत्येक वेळी 'काही नाही' लिहिलंय.
जागा जेमतेम दोन ओळींची.

मी अक्षर बारीक काढायला घेतलं.